कंदिलाचं परमिट

“मेल्या दामू, ठेव ती कळशी खाली! बोंबील अर्धं कच्चं हायत अजून!”

सुंदरीकाकी उलथनं उगारून माझ्या अंगावर धावली, पण तोवर भरली कळशी मी तिच्या पेटत्या चुलीवर उपडी केली होती. फस्स करून राख उडाली, तवा कलंडला आणि बोंबील राखेत लोळले. काकीनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. त्यातल्या निम्म्या पिढ्या तिच्याही होत्या, पण रागात कुणाला भान राहतं?

“काकी, गॅस सुटलाय. गोल टाकीतनं. नाल्यानं गावाकडं यायला लागलाय. गावात एक ठिणगी उरली तरी सगळे जाऊ!”

“चल, खोटारड्या. मंग भोंगा नाय झाला तो?”

“झाला की! तीन मिनिटं बोंबलत होता, ऐकला नाही?”

“ऐकला. तो सोमवारचा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. दर सोमवारी सकाळी दहाला आमची रिफायनरी भोंगा वाजवून बघायची. सरळ सूर, एक मिनिट. चिंबोरपाड्यातल्या बायका त्या भोंग्यावर भाताचं आधण ठेवायच्या, पोरांना शाळेत पिटाळायच्या. धोक्याचा भोंगा वेगळा. तो खालीवर होतो, रडणाऱ्या पोरासारखा. कंपनीनं त्याची पत्रकं वाटली होती, मी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं होतं. पण ज्या दिवशी तो खरा वाजला तो दिवस सोमवार, आणि वेळ दहाला दोन मिनिटं कमी. अख्ख्या गावानं भोंगा ऐकला आणि अख्ख्या गावानं भाताचं आधण ठेवलं!

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. रिफायनरीच्या अग्निशमन दलात फायरमन. चिंबोरपाड्यातून त्या दलात भरती झालेला पहिला गडी मीच, आणि हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्या सकाळी गोल टाकीच्या खालून साचलेलं पाणी काढताना गॅसच सुटला. सुटताना तो इतका गार असतो, की व्हॉल्व्ह बर्फानं जाम झाला आणि बंद होईना. आमचे केरावाला साहेब, दलाचे प्रमुख, वाफेच्या नळ्या घेऊन स्वतः टाकीखाली गेले. जाता जाता मला म्हणाले, “डिकरा, तू गावचा. तू गावात जा. गाडी नको, इंजिनाची ठिणगी उडेल. पळत जा. एक पण चूल पेटती ठेवू नको.”

म्हणून मी मागच्या गेटातून पळत आलो होतो आणि पहिलीच चूल नशिबानं सुंदरीकाकीची लागली होती.

मी तिचा दंड धरला आणि तिला ओढत मागच्या पडवीत आणलं. “तो नाला बघ.”

लख्ख ऊन पडलेलं. त्या उन्हात नाल्याच्या पात्रातून पांढरं धुकं सरपटत येत होतं. कमरेएवढं उंच, वर चढत नव्हतं, नुसतं पुढं पुढं येत होतं. चिंबोरपाड्याला धुकं नवं नाही, पण उन्हातलं धुकं कुणी बघितलंय? काकीच्या हातातलं उलथनं खाली आलं.

“अगो बाय माझी,” ती एवढंच म्हणाली.

आणि मग त्या बाईनं जे केलं ना, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पदर खोचला, दारात उभी राहिली आणि जो काय आवाज काढला! मासळी बाजारात चाळीस वर्षं कमावलेला गळा तो. “चुली इजवा गो! इस्टो बंद करा! बीडी फेका! धोका हाय, धोका!” कंपनीच्या भोंग्याला जे जमलं नाही ते काकीच्या गळ्याला जमलं. एका घरातून दुसऱ्या घरात, एका आळीतून दुसऱ्या आळीत बायकाच निरोप देत सुटल्या. कुणी कळशी ओतली, कुणी हंडा. जनीच्या दारात भंडाऱ्याच्या जेवणाचं मोठं चुलाण पेटलेलं होतं, ते चार बायकांनी चिखल टाकून गार केलं. मी नुसता मागून ओरडत होतो, “विजेच्या बटनाला हात लावू नका! चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद! म्हाताऱ्यांना घ्या, पोरांना घ्या, शाळेच्या टेकडीवर चला!”

एकशे चाळीस उंबऱ्यांचं गाव. पंधरा मिनिटांत एकशे चाळीस चुली थंड. कुठल्याही फायर ब्रिगेडनं करून दाखवावं.

टेकडीच्या वाटेवर मी उभा राहून माणसं वर काढत होतो, तेव्हा काकी माझ्याजवळ येऊन थांबली. धाप लागली होती तिला.

“दामू, चांगुणा कुठं हाय?”

चांगुणा म्हणजे माझी सख्खी आत्या. ती कुठं असणार? देवळात. आणि देवळात खारजाईसमोर दिवा.

आता त्या दिव्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खारजाई ही आमची गावदेवी. तिच्यापुढचा दिवा कधी लावला हे कुणालाच ठाऊक नाही, कारण तो कधी विझलाच नव्हता. रिफायनरीसाठी जमिनी घेतल्या तेव्हा जुनं देऊळही त्यात गेलं. गावानं देवी होडीत घालून खाडीतून गावाच्या या अंगाला आणली. मूर्तीआधी दिवा आला. आत्या तेव्हा नवी सून होती. भर वाऱ्यात पदराआड धरून तिनं तो दिवा आणला आणि तेव्हापासून त्याची राखण तिच्याकडं.

आणि त्याच वर्षी आत्याचा नवरा, आमचे धर्मा आतोबा, रिफायनरीच्या बॉयलर हाऊसमध्ये कामाला लागले. जिनं देवी उठवली तिचीच चाकरी! आत्यानं घर सोडलं नाही, संसार मोडला नाही, पण एक केलं. त्या दिवसापासून आतोबांना दिव्यात तेल घालू दिलं नाही. “कंपनीचा हात माझ्या दिव्याला लागाचा नाय,” म्हणाली. आतोबा हसायचे आणि ड्युटीवर जायचे. अठरा वर्षं हे चाललं. मग ते तापाचं निमित्त होऊन गेले आणि आत्याचा राग तसाच उरला. मी फायरमन झालो तेव्हा तो राग वारसाहक्कानं माझ्याकडं आला. पाच वर्षं ती माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. दिवाळीला पाया पडलो तर पाय मागं घ्यायची.

आतोबांच्या बॉयलर हाऊसची एक गंमत होती. रिफायनरीत काडेपेटी म्हणजे महापाप. गेटावर खिसे तपासून काढून घेत. कुठं आगीचं काम करायचं तर लेखी परमिट लागायचं आणि सोबत माझ्यासारखा एक फायरमन उभा. बॉयलर हाऊसमध्ये तीन बॉयलर. वर्षातून एकेक तपासणीला बंद व्हायचा, पण तिन्ही एकदम कधीच नाही. वाफ थांबली की कारखाना थांबला. बंद केलेला बॉयलर परत पेटवायला विजेच्या ठिणगीची सोय होती, बटन दाबलं की काम. पण तिथली आमची गावची मंडळी बटन दाबायचीच नाहीत. चालत्या बॉयलरमधून लांब सळईच्या मशालीवर जाळ घ्यायचे आणि तो नेऊन दुसरा पेटवायचे. मला दर वेळी पाण्याचा होज धरून उभं राहावं लागायचं. मी फोरमनला, पोशा नाखवांना, कितीदा म्हटलं असेल, “काका, जग चंद्रावर गेलं. बटन दाबा की!” पोशाकाका म्हणायचे, “तू पानी मार. आगीचं आमी बगतो.”

असो. तर मी देवळाकडं पळालो.

देऊळ नाल्याच्या अगदी काठाला, गावातल्या सगळ्यांत सखल जागी. मी पोचलो तेव्हा धुकं वीसेक हातांवर होतं. गाभाऱ्यात आत्या पाठ करून बसली होती. समोर पितळेची समई, एकच वात, शांत.

“आत्या, ऊठ. दिवा शांत कर आणि चल.”

ती वळली नाही. पण बोलली. पाच वर्षांनी पहिल्यांदा बोलली.

“बाहेर हो. पायातलं बूट काढ आदी.”

मी बूट काढले. आता सांगताना हसू येतं, पण मरण वीस हातांवर असताना मी उभ्या उभ्या नाड्या सोडत बसलो होतो. आत्याचा दराराच तसा.

“आत्या, गॅस दारात आलाय. या वातीवर भडका उडेल. देऊळ राहणार नाही, तू राहणार नाहीस. भडका उलटा नाल्यानं टाकीपर्यंत गेला तर गाव राहणार नाही.”

“तुमच्या कंपनीची घाण,” ती म्हणाली. “जमीन घेतली, खाडी घेतली, मानसं घेतली. एवढा एक दिवा उरला होता, तो पन पायजे?”

“मी विझवतो. पाप माझ्या डोक्यावर.”

“हात नको लावूस!” ती अशी कडाडली की मी जागीच थांबलो. “कंपनीचा हात नाय लागाचा याला.”

मी तिला उचलून नेऊ शकलो असतो. एका फुंकरीचं काम होतं. केरावाला साहेबांचा हुकूम तोच होता. पण खरं सांगतो, माझा हात धजला नाही. त्या समईवर माझ्या पणजीचा, खापरपणजीचा जीव होता. मी उंबऱ्यात बसलो.

“मग मी इथंच बसतो,” मी म्हटलं. “तू नाही उठलीस तर मीही नाही उठत. पण एक ऐक. गावातल्या एकशे चाळीस चुली बायकांनी आपल्या हातानं विझवल्या. कुणी मागं सरली नाही. हीच एक उरलीय.”

बाहेर एक कुत्रं विचित्र भुंकत होतं.

“सुंदरीनं पन इजवली?” तिनं विचारलं. सुंदरीकाकी आणि आत्या म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य.

“तव्यावरचे बोंबील टाकून.”

ती उठली. देवीपुढं वाकली. काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. मग तिनं फुंकर मारली नाही, पाणी घातलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं तेलात बुडवली आणि पेटती वात चिमटीत धरली. तशीच धरून ठेवली. चर्र झालं. धुराची एक रेघ वर गेली आणि गाभारा काळोखा झाला. त्या देवळात मी काळोख पहिल्यांदाच बघितला.

“चल,” ती म्हणाली.

आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा पायांना गार लागलं. धुकं पोचलं होतं. आत्याला चालवेना, म्हणून मी तिला पाठुंगळी घेतली आणि टेकडीकडं अनवाणी पळालो. बूट तिथंच राहिले. तिचा भाजलेला हात माझ्या गळ्यात होता.

साडेअकराला केरावाला साहेबांनी वाफेनं बर्फ वितळवून व्हॉल्व्ह बंद केला. पन्नाशी ओलांडलेला माणूस दीड तास त्या ढगात तोंडाला मास्क लावून गुडघ्यावर होता. साडेबाराला धुकं विरलं आणि धोका टळल्याचा भोंगा झाला, सरळ सुराचा. ना रिफायनरीत काडीचा जाळ झाला, ना गावात. कोंबडंसुद्धा मेलं नाही. टेकडीवर लोकांनी मला खांद्यावर घेतलं. सुंदरीकाकीनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि वर म्हणाली, “पन बोंबलाचं काय ते बग.”

गावात परतलो आणि आनंदावर विरजण पडलं.

कुणी चूल पेटवेना. पाटलांच्या ओट्यावर माणसं जमली. खारजाईपुढं दिवा नाही तोवर गावात जाळ कसा करायचा? आणि दिवा लावायचा कशानं? कुणीतरी काडेपेटी पुढं केली. आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ती परत खिशात घातली.

“काडीचा जाळ बाजारात मिळतो,” ती म्हणाली. “हा जाळ आपल्या वाडवडलांचा होता. तो गेला. मी घालवला. आता काय पन लावा, तो दिवा नसंल.”

कुणी तिला बोल लावला नाही. पण ती देवळात विझलेल्या समईपुढं जाऊन बसली, बोटांवर फोड आलेले, औषध लावू देईना. दुपारचे दोन वाजले. लहान पोरं भुकेनं किरकिरायला लागली. आया त्यांना कोरडा कुरमुरा देत होत्या, पण एकीनंही स्टोव्हला हात लावला नाही. मला तर आतून कुरतडत होतं. गाव वाचवलं म्हणून मिरवायचं, की गावाचा दिवा घालवला म्हणून तोंड लपवायचं?

अडीचला मी रिफायनरीत परत गेलो. अहवाल द्यायचा होता. वाटेत बॉयलर हाऊस लागलं. ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला, टाकीपासून लांब. वाफ हवीच होती म्हणून सकाळपासून बंद केलं नव्हतं. पोशाकाका बाहेर बाकड्यावर बसून चहा पीत होते. मला बघून उठले.

“शाब्बास रं दामू. गाव राखलास.”

“काय राखलं, काका?” मी म्हटलं. “दिवा गेला. आत्यानं स्वतः मालवला. गावात चूल नाही पेटलेली. ती म्हणते, आपला जाळ संपला.”

पोशाकाकांचा चहाचा कप तसाच हातात राहिला. मग त्यांनी उरलेला चहा मातीत ओतला.

“चल,” म्हणाले. “केरावाला साहेबाकडं. परमिट काडायचंय.”

“कसलं?”

“कंदिलाचं.”

मला वाटलं, सकाळच्या गॅसनं काकांच्या डोक्यावर परिणाम झालाय. कंदील? रिफायनरीत? सकाळी एवढं रामायण झाल्यावर पेटता कंदील घेऊन फिरायचं? पण ते पुढं चालते झाले होते.

साहेब ऑफिसात ओले कपडे बदलत होते. पोशाकाका दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “साहेब, देवीचा दिवा इजला. बॉयलरमधनं जाळ न्यायचाय, मागच्या गेटापोत. कंदिलात.”

मी डोळे मिटले. आता शिव्या पडणार! पण शिव्या आल्या नाहीत. साहेब काकांकडं बघत राहिले. मग खुर्चीत बसले, परमिटाचं पॅड ओढलं, कार्बन नीट बसवला आणि लिहायला लागले. कारण विचारलं नाही. पारशी माणूस, विझलेल्या जाळाचं दुःख त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं. ते अर्धंच खरं होतं.

त्या परमिटाची कार्बनप्रत माझ्याकडं अजून आहे. ‘काम: पेटता कंदील नेणे, नग एक. ठिकाण: बॉयलर हाऊस ते मागचे गेट. वेळ: दुपारी चार ते पाच. सोबत: फायरमन दा. वैती, पाण्याच्या बादलीसह.’ आणि खाली शेऱ्याच्या जागी साहेबांच्या तिरक्या अक्षरात, ‘जपून न्यावा. वाटेत विझू देऊ नये.’ आगीच्या परमिटावर आग विझू देऊ नये असं लिहिणारा फायर ऑफिसर जगात दुसरा झाला नसेल!

सगळी वाट त्यांनी गॅसच्या यंत्रानं आधी तपासून घेतली. मग पोशाकाकांनी दोन नंबरच्या बॉयलरची झडप उघडली, सळईवर जाळ घेतला आणि कंदिलाच्या वातीला लावला. काच खाली केली. आम्ही निघालो. पुढं काका कंदील घेऊन, मागं मी बादली घेऊन, त्याच्यामागं केरावाला साहेब टोपी काढून. वाटेत माणसं कामं टाकून बघत उभी राहिली. भर दुपारी पेटता कंदील रिफायनरीतून चाललाय, हे कुणी आयुष्यात बघितलं नव्हतं. गेटावरच्या सुरक्षारक्षकानं परमिट तीनदा वाचलं आणि मग सलाम ठोकला. कुणाला ठोकला, त्याचं त्यालाच माहीत.

गेटाबाहेर माझं काम संपलं होतं, पण मी बादली सोडली नाही. देवळापाशी पोचलो तेव्हा मागं सगळं गाव गोळा झालं होतं.

आत्यानं कंदील बघितला आणि तिचं तोंड कठीण झालं.

“पोशा, हा कुठचा जाळ?”

“बॉयलरचा.”

“कंपनीचा?” ती उठून उभीच राहिली. “कंपनीचा जाळ माझ्या देवीला? लाज नाय वाटत? चल, माघारी ने!”

“वयनी, बस जरा,” पोशाकाका म्हणाले. “हा कंपनीचा नाय. हा तुझाच हाय. पैला बॉयलर पेटवाचा होता ना, त्या दिशी पाटेला धर्मा देवलात आला. तू पानी आनाया गेलेली. त्यानं या समईवरनं कंदील लावला नि घेऊन आला. साहेब लोकांनी मशाल तयार ठेवलेली, काडी वडनार तवड्यात धर्मा म्हनला, ‘थांबा. आमची देवी उठवलीत ना? मंग जाळ तरी तिचा लावा.’”

आत्यानं विझलेल्या समईकडं बघितलं.

“नि साहेब लोकांनी ऐकलं?” आत्यानं विचारलं.

“बाकीचे हसले,” केरावाला साहेब उंबऱ्याबाहेरून म्हणाले. “एक नवीन इंजिनीयर होता, पोरगाच. तो बोलला, लावू द्या. तो मी. बाई, तीस वरस झाली. तो जाळ अजून बुझला नाय.”

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते बटन न दाबणं. ती सळई, ती मशाल. एका बॉयलरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तीस वर्षं, कुठलाही गाजावाजा न करता माझ्या गावच्या माणसांनी तो जाळ मोडू दिला नव्हता. आणि मी शहाणा त्यांना चंद्राच्या गोष्टी सांगत होतो!

“मना का नाय सांगितलं त्यानं?” आत्याचा आवाज आता कडक नव्हता. “अठरा वरसं माझ्यासमोर जेवला तो. एकदा पन नाय बोलला.”

“सांगितलं असतं तर तू जाऊन बॉयलर इजवला असतास,” पोशाकाका म्हणाले आणि लोक हसले. आत्यासुद्धा जरा हसली. मग काकांनी कंदील खाली ठेवला. “मी त्याला इचारलं होतं एकदा. रातपाळीला तेलाची झडप उगडत होता. म्हनलं, धर्मा, घरी बायको दिव्याला हात लावू देत नाय, वाईट नाय वाटत? तर हसला. म्हनला, ‘घरी पळीभर घालू देत नाय, म्हनून हितं रोज टनानं घालतो. दिवा तर तोच ना!’”

आत्या खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि रडली. मोठ्यानं, कुणाची पर्वा न करता रडली. तीस वर्षांचा राग आणि बारा वर्षांचं वैधव्य एकदम बाहेर आलं. सुंदरीकाकी पुढं झाली आणि तिनं आत्याला कुशीत घेतलं. माझे डोळे मी त्या बादलीतल्या पाण्यानं धुतले, म्हणजे कुणाला कळू नये. सगळ्यांना कळलं.

थोड्या वेळानं आत्यानं नाक पुसलं. समईत नवी वात घातली. भाजलेल्या बोटांनीच कंदिलाची काच वर केली, काकडा धरला आणि वातीला लावला. वात जरा फुरफुरली आणि धरली. बाहेर बायकांनी एकदम गजर केला. केरावाला साहेबांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

मी बादली उचलून मागच्या मागं सटकायला लागलो.

“दामू.”

मी थांबलो. आत्या हातात तेलाची बुधली धरून उभी होती. तिनं ती माझ्यापुढं केली.

“आत्या, मी कंपनीचा माणूस,” मी म्हटलं.

“गप रं. बूट नाय ना पायात? मंग ये.”

मी गेलो. बुधली घेतली. समईत तेलाची धार सोडली आणि पळीभर झाल्यावर थांबलो.

“अजून,” आत्या म्हणाली.

“भरली की समई.”

“वतू दे भायेर. ही पळी त्याची.”